सर्व्हरची कोठी आणि तिचा हिशेब

बँकेतील पैसे एका गावाहून दुसऱ्या गावी धाडणे, परीक्षेचा निकाल पाहणे, आगगाडीत जागा राखून ठेवणे, ही कामे आता घरबसल्या होतात. ती करताना पलीकडे कोण राबत आहे, हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही. पलीकडे कोठे तरी एक संगणक अहोरात्र जागा असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. अशा सर्व्हरांपैकी फार मोठा वाटा लिनक्स या प्रणालीवर चालतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तीतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहे.

आज मी आपणांपुढे या सर्व्हराच्या पराक्रमाविषयी बोलणार नाही. त्याच्या कोठीविषयी बोलणार आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांत आणि संस्थानांत कोठी असे, आणि कोठीवर कोठावळा असे. कोणता जिन्नस कोठून आला, किती आला, कोणत्या कामी लागला, याची वही तो ठेवी. मुदपाकखान्याची अब्रू आचाऱ्याइतकीच त्याच्याही हाती असे. सर्व्हरालाही असाच एक कोठावळा असतो. त्याला पॅकेज मॅनेजर असे नाव आहे. तो अस्तित्वात आला त्याला अवघी तीस-बत्तीस वर्षे झाली. परंतु एवढ्या अवधीतही त्याचा इतिहास असा घडला आहे, की तो जाणून घेणे संगणकाशी संबंध नसलेल्या माणसासही उपयोगी पडावे.

आरंभी दोन शब्दांचा अर्थ सांगितला पाहिजे. पॅकेज म्हणजे एखाद्या कामासाठी लागणाऱ्या सर्व फायलींचा बांधलेला गठ्ठा आणि त्यावर डकविलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गठ्ठ्याचे नाव, त्याची आवृत्ती, त्याची देखभाल करणाऱ्याचे नाव आणि हा गठ्ठा चालण्यास आणखी कोणकोणते गठ्ठे हाताशी असावे लागतात, यांची यादी असते. या शेवटच्या यादीस डिपेंडन्सी म्हणतात. आपण तिला अवलंबित्व म्हणू. पत्रे धाडणाऱ्या सॉफ्टवेअरला गुप्तलेखनाचे सॉफ्टवेअर लागते. गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरला गणिताची मूलभूत कामे करणारे तिसरेच सॉफ्टवेअर लागते. आणि या तिन्हींना प्रणालीची एक सामायिक लायब्ररी लागते. साध्या दिसणाऱ्या सर्व्हरावरही असे शेकडो गठ्ठे एकमेकांच्या आधाराने उभे असतात.

हे परस्परावलंबन मुळात निर्माण का झाले? कारण काटकसर. जी गोष्ट दहा प्रोग्रामांना लागते ती दहा ठिकाणी लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून सर्वांनी वापरावी, म्हणजे जागा वाचते, स्मृती वाचते. आणि तीत दोष सापडला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करून दहाही प्रोग्राम एकदम सुधारतात. एका विहिरीवर सारे गाव पाणी भरते तशातला हा प्रकार आहे. विहीर स्वच्छ असेल तर सर्वांचेच कल्याण. ती बिघडली तर कोणाचेच घर सुटत नाही. सामायिक लायब्ररीचे हे दोन्ही गुण पुढील तीस वर्षांत जगाने अनुभवले.

लिनक्सच्या जन्माची कथा अनेकांना ठाऊक आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्‌स या तरुणाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याने लिहिला तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल. भोवतालची बहुतेक साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आणि इतर अनेकांच्या हातून आली. म्हणजे जन्मापासूनच ही प्रणाली अनेक घरच्या जिनसांनी सिद्ध झालेली होती. ते जिन्नस एकत्र करावयाचे कोणी आणि कसे, हा प्रश्न त्यामुळे पहिल्याच दिवशी उभा राहिला.

त्या काळची रीत अशी होती. प्रोग्रामचा मूळ मजकूर मिळवावयाचा, आपल्या यंत्रावर तो यंत्रभाषेत उतरवावयाचा, आणि तयार झालेल्या फायली ठिकठिकाणी ठेवून द्यावयाच्या. हे काम एका आज्ञेने होत असे. पण त्या आज्ञेने कोणत्या फायली कोठे ठेवल्या याची नोंद बहुधा कोठेच राहत नसे. सहा महिन्यांनी तो प्रोग्राम काढून टाकावासा वाटला तर काय काढावे हे कळण्यास मार्ग नसे. नवी आवृत्ती बसविली तर जुनीच्या काही फायली तशाच मागे राहत आणि नव्या-जुन्यांची भांडणे लागत. आणि ज्या माणसाने ते बसविले तोच नोकरी सोडून गेला, तर त्या यंत्राचे अंतरंग कोणालाच उमगत नसे. ज्या कोठीला वही नाही तिची अवस्था याहून वेगळी ती काय होणार?

१९९२ साली एसएलएस नावाचा संच निघाला. गाभा, साधने आणि इतर प्रोग्राम एकत्र करून देणाऱ्या अशा संचांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. एसएलएसमध्ये दोष पुष्कळ होते, आणि त्या दोषांच्या वैतागातूनच पुढील दोन संच जन्मास आले. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर काढले, आणि पुढच्याच महिन्यात, १६ ऑगस्ट १९९३ रोजी, अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मरडॉक याने डेबियन या संचाची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे नाव आणि आपले स्वतःचे नाव जोडून त्याने हे नाव सिद्ध केले होते.

मरडॉकची कल्पना त्या काळी विलक्षण होती. सारा संच एकाच माणसाने बांधू नये. प्रत्येक पॅकेज एकेका स्वयंसेवकाने दत्तक घ्यावे, आणि सर्वांनी एकाच नियमावलीप्रमाणे ते बांधावे, असे त्याने ठरविले. परस्परांस कधीही न भेटलेली माणसे शेकडो गठ्ठे बांधणार आणि तरीही ते एकमेकांत बरोबर बसणार, हे घडवून आणावयाचे तर चिठ्ठीवर काय लिहावे, कोणती फाईल कोठे ठेवावी, आवृत्तीचे अंक कसे मोजावेत, याचे काटेकोर संकेत हवेत. त्या गरजेतून डीपीकेजी हे साधन घडले. त्याचे आरंभीचे रूप ओबडधोबड होते. १९९४ साली इयन जॅक्सन यांनी ते बहुतांशी नव्याने लिहिले. इकडे रेड हॅट या व्यापारी कंपनीतही तीच निकड भासत होती. तेथे एरिक ट्रोन आणि मार्क यूइंग यांनी १९९५ साली आरपीएम हे साधन प्रचारात आणले. आजही लिनक्सच्या बहुतेक मोठ्या घराण्यांची कोठी या दोहोंपैकी एका पद्धतीवर चालते.

या दोन्ही साधनांनी केलेली मुख्य गोष्ट म्हणजे त्यांनी वही आणली. यंत्रावरील प्रत्येक फाईल कोणत्या पॅकेजची आहे हे आता विचारता येऊ लागले. पॅकेज काढले की त्याच्या सर्व फायली निघू लागल्या. ज्याच्यावर दुसरे पॅकेज अवलंबून आहे ते काढू गेल्यास कोठावळा हरकत घेऊ लागला. आणखी एक बारीकशी पण फार शहाणपणाची गोष्ट डीपीकेजीने केली. सर्व्हर सांभाळणाऱ्याने एखाद्या प्रोग्रामच्या मांडणीच्या फाईलीत स्वतःच्या सोयीने बदल केला असेल, तर नवी आवृत्ती बसविताना तो बदल परस्पर पुसला जात नाही. आपली फाईल ठेवावयाची की नवी घ्यावयाची, असे तो विचारतो. आरपीएम अशा वेळी बहुधा नवी फाईल वेगळ्या नावाने शेजारी ठेवतो, किंवा जुनी बाजूला जपून ठेवतो. परक्या ठिकाणाहून माल आणणाऱ्याने घरच्या माणसाच्या हातचे काम पुसू नये, हा संकेत तेव्हापासून रूढ झाला.

परंतु वही आली तरी माल आणण्याचे कष्ट संपले नव्हते. एक गठ्ठा बसवावयास जावे, तो कोठावळ्याने सांगावे, की याला अमुक दुसरा गठ्ठा हवा. तो शोधून आणावा, तर त्याला आणखी तीन हवेत. त्या तिन्हींपैकी एकाला जी लायब्ररी लागते तिची आवृत्ती आपल्या यंत्रावरील आवृत्तीशी जुळू नये, आणि ती बदलावी तर आधीचेच चार प्रोग्राम बंद पडावेत! इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींनी या अवस्थेला अवलंबित्वाचा नरक असे नाव दिले. ते नाव देणाऱ्यांनी रात्री जागून काढल्या असल्या पाहिजेत.

यावर उपाय डेबियनच्या मंडळींनी शोधला. त्याचे नाव ॲप्ट. १९९८ साली तो आकारास आला, आणि मार्च १९९९ मध्ये निघालेल्या डेबियन २.१ या आवृत्तीबरोबर तो सर्वांच्या हाती पडला. आता ‘हे पॅकेज हवे’ एवढेच सांगावयाचे. त्याला काय काय लागते ते शोधणे, ते दूरच्या कोठारातून आणणे आणि योग्य क्रमाने बसविणे हे सारे ॲप्ट करू लागला. आरपीएमच्या घराण्यात हेच काम यम या साधनाने केले. ते अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात, तेथील संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या सेथ व्हिडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुसऱ्या एका संचाचे साधन सुधारून तयार केले. शेकडो यंत्रे नीट ठेवण्याचा ज्यांना रोजचा व्याप होता, त्यांच्याच हातून हे घडावे यात नवल नाही. यमची जागा पुढे डीएनएफने घेतली. २०१५ साली फेडोरा २२ मध्ये तेच मुख्य साधन झाले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. कोणते गठ्ठे एकत्र नांदतील आणि कोणते नांदणार नाहीत, हे ठरविण्याचा प्रश्न सर्वसाधारण रूपात मांडला, तर तो गणितातील अत्यंत कठीण समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात पडतो, असे युरोपातील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध केले. व्यवहारात तो सुटतो याचे श्रेय यंत्राच्या बुद्धीपेक्षा पॅकेज बांधणाऱ्यांच्या शिस्तीला अधिक दिले पाहिजे. जून १९९६ मधील डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत ती ६४ हजारांवर गेली. एवढा पसारा एकमेकांत बसतो, तो हजारो माणसांनी एक नियमावली पाळली म्हणून.

येथवरची कथा ही सोयीची कथा आहे. येथून पुढे ती विश्वासाची होते. कारण ॲप्टने माल दारात आणून टाकण्याची सोय केली, त्याच क्षणी दुसरा प्रश्न उभा राहिला. आलेला माल खरोखर त्याच कोठारातून आला कशावरून? वाटेत कोणी बदलला नाही कशावरून? नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियन प्रकल्पाच्या स्वतःच्याच काही सर्व्हरांत परक्यांनी शिरकाव केल्याचे उघडकीस आले. पॅकेजांच्या भांडाराला सुदैवाने धक्का लागला नव्हता. पण धोका सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आलेल्या मालावरील गुप्तलेखी सही ॲप्टने आपणहून तपासावी, ही व्यवस्था डेबियनच्या एप्रिल २००७ मधील ४.० या आवृत्तीपासून रूढ झाली. सही जुळली नाही तर कोठावळा धोक्याची सूचना देऊ लागला.

मात्र सही ही माल कोणी बांधला एवढेच सांगते. बांधणाऱ्याच्या हातून चूक झाली नाही, हे ती सांगू शकत नाही. १३ मे २००८ रोजी डेबियननेच जगाला एक कटू बातमी दिली. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजमध्ये बांधणीच्या वेळी एक किरकोळ वाटणारा फेरफार करण्यात आला होता. तपासणीच्या एका साधनाकडून सूचना येत होत्या, त्या थांबाव्यात एवढाच त्याचा हेतू. परंतु त्या फेरफाराने किल्ली घडविताना मिसळावयाचा यदृच्छेचा अंशच जवळजवळ नाहीसा झाला. ज्या किल्ल्यांची संख्या कल्पनेपलीकडे असावयाची, त्या प्रत्येक प्रकारात सुमारे ३२ हजारांच्या घरात येऊन ठेपल्या. एवढ्या किल्ल्या एकेक करून लावून पाहणे साध्या संगणकालाही अवघड नाही. सप्टेंबर २००६ पासून हा दोष डेबियनमध्ये आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या संचांत राहिला होता. जगभरच्या व्यवस्थापकांना जुन्या किल्ल्या टाकून नव्या घडवाव्या लागल्या, आणि निकामी ठरलेल्या किल्ल्यांची यादीसुद्धा एक पॅकेज म्हणूनच वाटण्यात आली.

या घटनेत एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. डेबियनने १९९७ साली आपला एक सामाजिक करार जाहीर केला होता आणि त्यात दोष लपविणार नाही असे वचन दिले होते. ते वचन सर्वांत अडचणीच्या दिवशी पाळले गेले. कोठावळ्याने वहीत स्वतःची चूक लिहिली, म्हणूनच पुढे त्या वहीवर लोकांचा विश्वास टिकला.

आता प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या रोजच्या धर्मसंकटाकडे वळू. नवी आवृत्ती घ्यावी की घेऊ नये? घ्यावी, तर काल चालत असलेले काम आज बंद पडण्याची भीती. न घ्यावी, तर ज्ञात झालेला दोष उघडाच राहण्याची भीती. यावर मोठ्या संचांनी काढलेला तोडगा असा. एक आवृत्ती गोठवावयाची. तीतील पॅकेजांना नवे गुण द्यावयाचे नाहीत. परंतु पुढे नव्या आवृत्तीत झालेली दोषदुरुस्ती तेवढी मागे आणून जुन्यातच बसवावयाची. डेबियनची स्थिर शाखा, रेड हॅटचा व्यापारी संच, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या, या सर्व याच तत्त्वावर चालतात. म्हणून अशा सर्व्हरावरील आवृत्तीचा अंक जुना दिसला, तरी तेवढ्यावरून तो असुरक्षित आहे असे ठरविता येत नाही. जुन्या वाड्याची बांधणी न मोडता कुजलेली तुळई तेवढी बदलावी, तसे हे काम आहे. हे वाचावयास सोपे वाटते. करणाऱ्याला मूळ लेखकाइतकेच जाणते असावे लागते.

हा तोडगा असूनही दुरुस्तीच बसविली नाही तर काय होते, याचे उदाहरण २०१७ साली अमेरिकेत घडले. अपाची स्ट्रट्‌स या साधनातील गंभीर दोषावरील दुरुस्ती मार्च महिन्यात प्रसिद्ध झाली होती. एक्विफॅक्स या पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या एका सर्व्हरावर ती बसविली गेली नाही. मे महिन्यापासून चोरट्यांनी त्या वाटेने शिरून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती नेली. दुरुस्ती उपलब्ध होती. पण हे साधन आपल्या कोणकोणत्या यंत्रावर आहे, हे त्या संस्थेला धड सांगता आले नाही. वही असूनही ती कोणी उघडून पाहिली नाही, तर वही नसल्यासारखेच ते.

दुसऱ्या टोकाला, घाईने आणि विचार न करता उसने घेण्याचेही एक उदाहरण आहे. प्रोग्रामिंगच्या प्रत्येक भाषेने कालांतराने स्वतःचे वेगळे कोठार उघडले. पर्ल भाषेचे १९९५ साली निघाले. पुढे पायथन, रूबी, जावास्क्रिप्ट यांची निघाली. तेथे कोणीही आपले पॅकेज ठेवावे आणि कोणीही घ्यावे. मध्ये तपासणारा कोठावळा असा नाहीच. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या कोठारातून, नावावरून झालेल्या एका वादामुळे, एका लेखकाने आपली सर्व पॅकेजे मागे घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे ११ ओळींचे एक पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूस ठराविक लांबीपर्यंत रिकामी जागा किंवा दुसरे अक्षर भरणे, एवढेच त्याचे काम. परंतु त्यावर दुसरी, दुसऱ्यांवर तिसरी अशी हजारो पॅकेजे उभी होती, आणि जगातील नामांकित कंपन्यांची कामे त्या दिवशी अडून बसली. सुमारे दोन तासांनी ते पॅकेज परत ठेवावे लागले. ११ ओळी स्वतः लिहिणे जड गेले नसते; पण त्या उसन्या घेतल्या आहेत, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते.

या भाषा-कोठारांमुळे सर्व्हरावर आता दोन कोठावळे झाले. एक संचाचा, एक भाषेचा. दोघेही एकाच फडताळात हात घालू लागले, आणि एकाच्या वहीत दुसऱ्याची नोंद नाही. पायथनच्या कोठावळ्याने संचाच्या फायली बदलल्यामुळे सर्व्हराची स्वतःची साधने मोडून पडल्याचे प्रकार वारंवार घडत. अखेर डेबियनच्या १२ व्या आवृत्तीत त्याला मज्जाव करण्यात आला. भाषेचा माल प्रत्येक कामाच्या वेगळ्या खोलीत ठेवावा, सामायिक फडताळास हात लावू नये, असा नियम झाला. मार्च २०१३ मध्ये लोकांपुढे आलेल्या डॉकर या साधनाने ही वेगळ्या खोलीची कल्पना फार पुढे नेली. तीत प्रत्येक काम आपला सारा शिधा बरोबर घेऊन एका बंद डब्यात नांदते. त्यायोगे भांडणे मिटली. परंतु प्रत्येक डब्यात लायब्ररीची वेगळी प्रत आली, आणि विहीर एकच असण्याचा जो लाभ होता तो गेला. दोष निघाला की प्रत्येक डबा उघडून पाहणे आले.

दोष निघतो तेव्हा काय घडते, हे ७ एप्रिल २०१४ रोजी जगाने पाहिले. पुन्हा तेच ओपनएसएसएल, पण या वेळी चूक मूळ सॉफ्टवेअरमध्येच होती. तिला हार्टब्लीड असे नाव पडले. मार्च २०१२ पासून ती तेथे होती, आणि तिच्यामुळे परक्या माणसाला सर्व्हराच्या स्मृतीतील मजकुराचे तुकडे वाचता येत होते. ज्यांची कोठी व्यवस्थित होती त्यांनी एक पॅकेज बदलले. त्यांतही जाणत्यांनी आणखी एक गोष्ट केली. फाईल बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनीच प्रत स्मृतीत धरून बसलेला असतो. म्हणून त्या लायब्ररीवर चालणारी प्रत्येक सेवा त्यांनी थांबवून पुन्हा सुरू केली. ज्यांना हे सुचले नाही त्यांच्या वहीत दुरुस्ती लागली होती, आणि दार मात्र उघडेच होते.

हार्टब्लीडने आणखी एक सत्य उघडे केले. जगातील व्यापाराचा केवढा तरी भाग ज्या सॉफ्टवेअरच्या विश्वासावर चालत होता, ते मोजकी माणसे सांभाळीत होती. आणि त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलरांच्या होत्या. त्या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या द्वारे अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. विहिरीचे पाणी सर्व गाव पीत होते; गाळ काढणाऱ्याची आठवण ती आटू लागल्यावर झाली.

आणि ही आठवण पुरेशी नव्हती, हे दहा वर्षांनी कळले. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारे एक साधन आहे. डेबियनची पॅकेजे बांधण्याच्या कामीही तेच वापरले जाते. लासे कॉलिन हा फिनलंडमधील एक प्रोग्रामर ते वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होता. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावाने कोणी एक मदतीस आला. त्याने उपयोगी कामे केली, चिकाटी दाखविली. २०२२ मध्ये इतर काही अनोळखी नावांनी कॉलिनवर दडपण आणण्यास आरंभ केला. काम मंदावले आहे, आता दुसऱ्याच्या हाती द्या, असा त्यांचा घोष होता. थकलेल्या माणसाने मदतनिसास अधिकार दिले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्या मदतनिसाने एक चोरदार घालून ठेवले.

ते दार उघडणार होते कोठे? सर्व्हरावर दूरून प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या सेवेत. वास्तविक त्या सेवेला एक्सझेडची गरजच नाही. परंतु काही संचांनी आपल्या सोयीसाठी तिला सिस्टमडी या व्यवस्थापकाच्या लायब्ररीशी जोडले होते, आणि त्या लायब्ररीला एक्सझेडची लायब्ररी लागत होती. अवलंबित्वाच्या या दोन पायऱ्या उतरून चोर थेट महाद्वाराच्या अडसरापाशी पोहोचला होता.

तो पकडला गेला तो एका माणसाच्या चौकसपणामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसक्यूएल या प्रकल्पावर काम करणारे अभियंते. आपल्या चाचणीच्या यंत्रावर प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जाहीर केला. दूषित माल डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत आणि फेडोराच्या पूर्वप्रसिद्ध आवृत्त्यांपर्यंत आला होता. डेबियनच्या स्थिर शाखेत तो पोहोचला नव्हता. गोठविलेल्या जुन्या आवृत्त्यांची जी सावकाशी अनेकांच्या चेष्टेचा विषय झाली होती, तिनेच त्या वेळी हातभार लावला.

कधी कोठारच बंद होते, हाही धडा या इतिहासात आहे. रेड हॅटच्या व्यापारी संचाची विनामूल्य प्रतिकृती म्हणून सेंटओएस जगभर वापरला जाई. ८ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या चालकांनी जाहीर केले, की पूर्वी २०२९ पर्यंत अपेक्षित असलेली त्याची ८ वी आवृत्ती २०२१ अखेरच बंद होईल. असंख्य सर्व्हरांच्या व्यवस्थापकांना वर्षभरात नवे घर पाहावे लागले. २०२१ साली रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे संच याच गरजेतून निघाले. फुकट मिळणाऱ्या मालाचाही कोणी तरी धनी असतो आणि त्याचा विचार बदलू शकतो, हे अनेकांना तेव्हा प्रथमच उमगले.

भारताचाही या इतिहासाशी धागा जुळला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने बॉस हा संच तयार केला तो डेबियनच्याच पायावर. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या जगभरच्या कार्यकर्त्यांची वार्षिक परिषद कोची येथे भरली होती. तेव्हा हे सारे दूरदेशीचे आहे, असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत.

आज बेळगावच्या सहकारी पतपेढीपासून इंदूरच्या रुग्णालयापर्यंत जेथे जेथे सर्व्हर आहे, तेथे तेथे त्याच्या कोठीवर कोणी तरी माणूस नेमलेला असतो, किंवा निदान असावयास हवा. या तीस वर्षांच्या इतिहासातून त्याने घ्यावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. जे लागत नाही ते ठेवू नये. कारण प्रत्येक जादा गठ्ठा म्हणजे एक जादा दार. जे आहे ते वहीबाहेर असू नये. हाताने बसविलेली एकही गोष्ट नोंदीवाचून राहू नये. नवा माल आधी चाचणीच्या यंत्रावर लावून पाहावा, आणि मगच लोकांच्या कामास जुंपलेल्या यंत्रावर. एखादे पॅकेज हेतुपुरस्सर जुन्या आवृत्तीवर रोखून धरले असेल, तर का रोखले आणि केव्हापर्यंत, हे लिहून ठेवावे. नाही तर रोखणारा जातो आणि रोख कायम राहतो. दोषदुरुस्ती मात्र लांबणीवर टाकू नये. आणि परतीची वाट, म्हणजे तपासून पाहिलेली राखीव प्रत, हाताशी असल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये.

ही झाली व्यवस्थापकाची कर्तव्ये. त्या संस्थेच्या चालकांचे कर्तव्य निराळे आहे. आपल्या सर्व्हरावरील गठ्ठ्यांची यादी एकदा छापून समोर घ्यावी. बहुतेक नावे अपरिचित असतील. त्यांतील प्रत्येक नावामागे कोणी तरी माणूस आहे. पुष्कळदा एकच आहे, पुष्कळदा तो वेतनावाचून राबत आहे, आणि कदाचित थकलाही आहे. त्यांतील ज्यांच्यावाचून आपले एक दिवसही भागणार नाही, अशांपैकी दोघा-तिघांना वर्षाकाठी काही रक्कम धाडणे, किंवा आपल्याकडील जाणत्या माणसाचे आठवड्यातील काही तास त्यांच्या कामी देणे, हे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातले आहे. आपल्या जमाखर्चात वीज, भाडे आणि पगार यांना ओळी असतात. त्याच पानावर या देण्यालाही एक ओळ असावी.